आत टाकणारी सही, मान देणारी सही: मिसाबंदींच्या सन्मान निधीचं प्रकरण सोप्या भाषेत

जून संपत आला की आमच्या सांगलीत कट्ट्यावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी फोटो टाकतं, आणीबाणीतल्या अमुक तमुक काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. लगेच खाली दुसरा लिहितो की यांना महिन्याला वीस हजार कशासाठी ओ, आमच्या बापानं पण जन्मभर कष्टच केले की. तिसरा विचारतो मिसाबंदी म्हणजे नक्की कोण, स्वातंत्र्यसैनिक का? आणि चौथ्या मेसेजला गाडी पक्षावर जाते, ती काय परत येत नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहावं, कायदा काय होता, आत गेले म्हणजे नेमकं काय झालं, पैसे कुठल्या कागदावर मिळतात आणि ते अधनंमधनं बंद का पडतात. माझं मत आहेच, ते मधेमधे येणार, लपवत नाही.

आधी मिसा. मेंटेनन्स ऑफ इंटर्नल सिक्युरिटी अॅक्ट, १९७१ चा. म्हणजे आणीबाणीच्या चार वर्षं आधीच केलेला, आणीबाणीसाठी काढलेला नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. (लालूप्रसादांच्या मोठ्या मुलीचं मिसा हे नाव याच कायद्यावरनं, ते तेव्हा आत होते.) हा कायदा प्रतिबंधात्मक अटकेचा होता. साध्या अटकेत कसं असतं, तुम्ही काहीतरी केलं असा आरोप असतो, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करतात, वकील लागतो, जामीन होतो नाहीतर होत नाही, शेवटी केस उभी राहते. प्रतिबंधात्मक अटकेत तुम्ही काही केलेलं नसलं तरी चालतं, तुम्ही पुढं काहीतरी कराल असं सरकारला वाटलं म्हणजे झालं. आरोपपत्र नाही, खटला नाही, त्यामुळं सुटण्याची तारीखही नाही. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमातच याला जागा ठेवलेली आहे, पण अटी घालून: कारणं सांगा, तीन महिन्यांच्या वर ठेवायचं तर सल्लागार मंडळापुढं जा.

आता २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या सहीनं अंतर्गत अशांततेच्या कारणाखाली आणीबाणी लागली आणि चार दिवसांत, २९ जूनला, वटहुकूम काढून मिसामध्ये १६-अ नावाचं कलम घुसवलं. त्याचा अर्थ एवढाच की हा माणूस आणीबाणीच्या कामासाठी आत ठेवणं गरजेचं आहे असं सरकारनं लिहून टाकलं की मग कारण सांगायची गरजच नाही. ज्याला आत टाकलं त्यालाही नाही. सल्लागार मंडळ वगैरे पण बाजूला. म्हणजे जी दोन कुलपं घटनेनं लावली होती त्यातली दोन्ही काढली.

आणि हा आदेश कोण काढायचं? इथं लोक चुकतात, म्हणतात इंदिराबाईंनी आत टाकलं. धोरण दिल्लीचं, खरं आहे, मुंबईत तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री, तेही खरं. पण मिसाच्या तिसऱ्या कलमात आदेशावर सही करायचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यालाही होता, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरला. सांगलीतल्या माणसाचा कागद सांगलीत निघायचा, साताऱ्यातल्याचा साताऱ्यात. ही सही लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

मिसाच्या जोडीला दुसरा प्रकार होता डीआयआर, भारत संरक्षण नियम. यात निदान केस तरी असायची. नोव्हेंबर १९७५ पासून विरोधकांच्या लोकसंघर्ष समितीनं सत्याग्रह सुरू केला, पोरं चौकात यायची, घोषणा द्यायची, पत्रकं उधळायची आणि पोलीस यायच्या आत पळून न जाता तिथंच उभी राहायची. त्यांना डीआयआरखाली धरायचे, मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचे, काही आठवड्यांची नाहीतर महिन्यांची शिक्षा. म्हणून आज जे स्वतःला मिसाबंदी म्हणवतात त्यातले बरेच कागदावर बघितलं तर डीआयआरवाले निघतात, आणि त्यात कमीपणा काही नाही, उलट ते स्वतःहून गेलेले. मिसावाल्यांना बहुतेक वेळा घरातनं उचललेलं. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगाच्या हिशोबात देशभरात मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि डीआयआरखाली सुमारे ७५ हजार माणसं आत गेली. त्यात जनसंघ आणि संघाची माणसं होती तशीच समाजवादी होते, संघटना काँग्रेसवाले (म्हणजे इंदिराबाईंच्या विरोधातले काँग्रेसवाले), मार्क्सवादी, सर्वोदयी, जमाते इस्लामीचे सुद्धा. येरवड्यात संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते आणि समाजवादी प्रमिला दंडवतेही येरवड्यातच होत्या, आता बोला. त्यामुळं मिसाबंदी म्हटलं की एकाच पक्षाचा माणूस डोळ्यापुढं आणणारे, मग ते सत्कार करणारे असोत की शिव्या देणारे, दोघंही अर्धवट माहितीवर बोलतात.

मग कोर्ट काय करत होतं? हा प्रश्न हमखास येतो. हेबिअस कॉर्पस म्हणून अर्ज असतो, माणूस बेकायदा डांबलाय, त्याला कोर्टापुढं हजर करा असा. घरच्यांनी असे अर्ज केले, आणि देशातल्या नऊ हायकोर्टांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी निदान आदेश कायद्याला धरून आहे का एवढं आम्ही तपासू शकतो. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २८ एप्रिल १९७६ ला निकाल आला, एडीएम जबलपूर खटला म्हणून प्रसिद्ध आहे, चार विरुद्ध एक, आणीबाणी असेपर्यंत असा अर्ज कुणालाच करता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी अॅटर्नी जनरलना विचारलं होतं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक दुष्मनीतनं माणूस मारला तरी दाद नाही का, तर उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. तो विरोधातला एक म्हणजे हेच हंसराज खन्ना, आणि त्याची किंमत म्हणून पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून ज्युनियर न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात आपले यशवंत चंद्रचूडही होते, आणि २०१७ मध्ये खाजगीपणाच्या खटल्यात हा निकाल चूक होता असं लिहिणाऱ्या खंडपीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. घरातल्या घरात एवढा मोठा खाडाखोडीचा प्रकार दुसरीकडं कुठं झाला असेल असं वाटत नाही.

मार्च १९७७ ला आणीबाणी उठली, १९७८ ला मिसा रद्द झाला आणि त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं अंतर्गत अशांतता हा शब्दच काढून तिथं सशस्त्र बंड घातला, शिवाय जगण्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं पक्कं केलं. माझ्या मते आत गेलेल्या माणसांचा खरा मोठा सन्मान हा होता, शाल नंतरची गोष्ट. पण त्यावर कुणी फोटो काढत नाही.

आता पैशाकडं येऊ. राजकीय कैद्याला पेन्शन ही कल्पना आणीबाणीवाल्यांची नाहीच. १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन आणि ताम्रपट सुरू केला. आणि हे करणारं सरकार इंदिरा गांधींचंच, हे मला कायम गमतीचं वाटतं, म्हणजे ज्यांनी ७२ ला इंग्रजांच्या तुरुंगात गेलेल्यांना ताम्रपट दिले त्यांनीच ७५ ला त्यातल्या काहींना परत आत घातलं. इंदिराबाईंविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण त्यातलेच, १९४२ ला हजारीबागचा तुरुंग फोडून पळालेले आणि ७५ ला परत स्थानबद्ध.

तुरुंग फोडायचं म्हटल्यावर सांगलीकराला वसंतदादा आठवल्याशिवाय राहत नाहीत. २४ जुलै १९४३, सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग, दादा आणि साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन बाहेर पडले, गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, दादांना गोळी लागली आणि ते परत धरले गेले. आणि आणीबाणी उठल्यावर मे १९७७ ला मुख्यमंत्री कोण झालं तर हेच दादा, काँग्रेसचे. तेव्हा तुरुंगात गेलेला तो आमचा आणि तुमचा तो वेगळा, अशी सरळ रेघ आपल्या भागात तरी मारता येत नाही.

दादांचं निदान रेकॉर्ड होतं. खरी पंचाईत झाली ती इंग्रजांविरुद्ध समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारवाल्यांची. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, आणि त्यांच्या मागं कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र या पट्ट्यातली शेकडो माणसं, सगळी भूमिगत. केंद्राच्या योजनेत अट काय तर किमान सहा महिने तुरुंगवास, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. जो सापडलाच नाही त्यानं तुरुंगाचा दाखला आणायचा कुठनं? भूमिगतांसाठी वेगळी सोय होती, पण ती पण कागदाचीच: फरारी म्हणून जाहीर केल्याचा, डोक्यावर बक्षीस लावल्याचा, नाहीतर अटकेचा हुकूम निघून तो बजावता आला नाही याचा पुरावा. म्हणजे जो जेवढा हुशारीनं लपला तेवढं त्याचं सरकारदरबारी नाव कमी. त्यात आपला भाग म्हणजे अर्धा इंग्रजांचा सातारा जिल्हा आणि मधेमधे सांगली, मिरज, औंध, जत अशी संस्थानं, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं, मग ४३ सालचा कागद नेमका कुठल्या कचेरीच्या कुठल्या माळ्यावर आहे हे शोधता शोधता माणसं म्हातारी झाली. रेकॉर्ड उपलब्ध नाही असा सरकारी दाखला आणायचा आणि त्यावर ज्यांनी स्वतः मोठा तुरुंगवास भोगलाय अशा नामवंत स्वातंत्र्यसैनिकाचं, हो हा आमच्यात होता, असं प्रमाणपत्र जोडायचं, असा तो मार्ग.

सुप्रीम कोर्टानं यात दोन चांगल्या गोष्टी सांगितल्यात. १९९३ ला मुकुंदलाल भंडारी खटल्यात म्हटलं की ही योजना मान देण्यासाठी आहे, अर्ज उशिरा आला म्हणून नाकारू नका, आणि पुरावा मागाहून आला तरी पेन्शन अर्जाच्या तारखेपासून द्या. २००१ ला गुरदयाल सिंग खटल्यात म्हटलं की फौजदारी केससारखा संशयातीत पुरावा मागू नका, शक्यता बघा, बहुतेक खरं वाटतंय का एवढं पुरे. म्हाताऱ्या माणसाला टेबलावरनं टेबलावर फिरवणाऱ्यांनी हे दोन निकाल काचेखाली लावून ठेवावेत असं मला वाटतं.

महाराष्ट्रात आणीबाणीतल्या बंद्यांसाठी योजना आली ती बरीच उशिरा, ३ जुलै २०१८ च्या जीआरनं. एक महिन्यापेक्षा जास्त आत असलेल्याला महिन्याला १० हजार आणि तो गेल्यावर त्याच्या पत्नीला किंवा पतीला ५ हजार, एक महिन्यापेक्षा कमी असेल तर ५ हजार आणि अडीच हजार. २०२० च्या जुलैअखेर महाविकास आघाडी सरकारनं ती बंद केली, कारण दिलं कोरोनामुळं तिजोरीवरचा ताण. २०२२ च्या जुलैत सरकार बदललं आणि योजना परत सुरू. २०२५ च्या जूनमध्ये रक्कम दुप्पट केली, म्हणजे कट्ट्यावर जे वीस हजार ऐकू येतात ते एक महिन्याच्या वर राहिलेल्यांचे, आणि अटकेवेळी वय किमान १८ पाहिजे ही अटही काढली. ही अट काढली ते बरंच झालं, कारण सत्याग्रहात कॉलेजला नुकती गेलेली, काही तर शाळेतली पोरं होती, त्यांना आत टाकताना कुणी जन्मदाखला मागितला नव्हता.

बंद-चालू, बंद-चालू हे कशामुळं होतं, हे समजून घ्यायचं तर जीआर आणि कायदा यातला फरक बघायला लागतो. जीआर म्हणजे सरकारनं म्हणजे मंत्रालयानं काढलेला निर्णय, त्याला विधानसभा लागत नाही, म्हणून तो पटकन निघतो आणि तेवढ्याच पटकन मोडतो, फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखा, पुढच्या तासाचे मास्तर आले की पहिल्यांदा डस्टर. कायदा मोडायचा तर सभागृहात जावं लागतं, चर्चा होते, उघडपणे हात वर करावा लागतो. उत्तर प्रदेशानं २०१६ ला यासाठी कायदाच केला, मध्य प्रदेशानं २०१८ ला, राजस्थाननं २०२५ ला, आणि राजस्थानात तर त्याआधी सरकार बदलल्यावर पेन्शन बंद होऊन झालेली होती, त्या अनुभवातनंच ते शहाणपण आलं असणार. महाराष्ट्रात मात्र आपण जीआरवरच आहोत. मला विचाराल तर ज्या दोन्ही बाजू ह्यावर एवढं भांडतात त्यांना हा विषय मिटवायचाच नाही. बंद करणाऱ्याला पण फायदा, चालू करणाऱ्याला पण फायदा, आणि मधल्या मधे एंशीच्या घरातला माणूस दर निवडणुकीला आपला मान राहतोय का जातोय बघत बसणार.

अर्ज द्यायचा कुठं? जिल्हाधिकारी कार्यालयात. सांगलीवाल्यांनी विजयनगरला जायचं. आणि इथं मी मघाशी म्हटलेली सही परत येते. पन्नास वर्षांपूर्वी ज्या पदावरच्या माणसानं हा गृहस्थ धोकादायक आहे म्हणून सही केली, आज त्याच पदावरच्या माणसापुढं त्याच गृहस्थानं मी धोकादायक होतो याचा पुरावा द्यायचा, म्हणजे तो सन्माननीय ठरतो. पुरावा कुठला? तर स्थानबद्धतेचा मूळ आदेश, सुटकेचा आदेश, तुरुंगाच्या नोंदवहीचा उतारा, डीआयआर असेल तर कोर्टाच्या निकालाची नक्कल. ज्यांनी तो आदेश रागानं फाडून टाकला ते अडकले, ज्यांच्या आईनं तो ट्रंकेत तळाला जपून ठेवला ते सुटले.

असा एक आदेश मी हातात घेऊन बघितलाय, ओळखीतल्या एका तात्यांकडं. पिवळा पडून घडीवर फाटत आलेला, चिकटपट्टी लावलेला. सगळा मजकूर सायक्लोस्टाइल केलेला, एकसारखा, आणि नाव, वय, गाव यासाठी मोकळ्या सोडलेल्या जागा पेनानं भरलेल्या, त्यात गावाचं नाव चुकलेलं. हे काय तात्यांचंच नशीब नव्हे, असे छापील साच्यातले आदेश आणि मागाहून जुळवलेली कारणं याबद्दल शहा आयोगानंच लिहून ठेवलंय. तर त्या चुकलेल्या गावाच्या नावावरनं तात्यांचा अर्ज एका टेबलावर अडला, आधारकार्डावरचं गाव वेगळं म्हणून. तात्या म्हणाले, "अहो साहेब, चूक तुमच्याच खात्याची हाय, पन्नास वर्षं मी तिच्यावर काय बोललो नाही, आता तुम्हीच मला विचारताय व्हय?" शेवटी शपथपत्र करून दिलं. काम झालं.

जोडीदाराच्या अर्जात वेगळी अडचण असते. त्या काळी लग्नाची नोंदणी कोण करत होतं? माहेरचं नाव, सासरचं नाव, रेशनकार्डावर तिसरंच, आणि बाईंनी त्या एकोणीस-वीस महिन्यांत घर कसं चालवलं याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. नवरा आत, बाहेर पगार बंद, दुकान बंद, नातेवाईक दारात यायला घाबरतात. मला अर्धी रक्कम जोडीदाराला हे गणित कधी पटलेलं नाही, पण ते जाऊ दे.

पैसे घ्यावेत का हा वाद आतल्या लोकांतही आहे बरं का. काहीजण म्हणतात आम्ही मोबदल्यासाठी गेलो नव्हतो, अर्जच करणार नाही. काहीजण घेतात आणि संस्थेला देऊन टाकतात. आणि काहींना औषधापाण्याला खरंच लागतात, त्यांनी घेतले तर त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? आणखी एक अवघड गोष्ट, जी सत्काराच्या भाषणात कधी येत नाही: काहींनी हमीपत्र लिहून सुटका करून घेतली होती. घरी कुणी मरणाला टेकलेलं, धंदा बुडालेला, वेगवेगळी कारणं. त्यांना राजकीय बंदी म्हणायचं का? माझं उत्तर हो असं आहे. खटल्याशिवाय आत टाकणं ही सरकारची चूक होती, ती त्या माणसाच्या सहीनं बरोबर होत नाही.

सन्मान नको म्हणणाऱ्यांत आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्याशी जोडलेलं एक नाव फार मोठं आहे, लेखिका दुर्गाबाई भागवत. डिसेंबर १९७५, आणीबाणी ऐन भरात, कराडला ५१ वं मराठी साहित्य संमेलन, दुर्गाबाई अध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी इंदिराबाईंच्याच मंत्रिमंडळात होते. जयप्रकाशांना नुकतंच पॅरोलवर सोडलेलं, मूत्रपिंडं निकामी, मुंबईत जसलोकमध्ये. आणि त्या मंडपात, केंद्रीय मंत्र्याच्या समोर, दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. आज हे वाचताना साधं वाटतं, पण वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना ते नाव माइकवरनं घेणंच पुरेसं होतं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्या आणीबाणीविरुद्ध बोलत राहिल्या, आणि पुढं सरकारी मानसन्मानापासून लांबच राहिल्या. अशा माणसाचा सन्मान सरकारनं कसा करायचा, याचं उत्तर कुठल्याच जीआरमध्ये बसत नाही. कराडच्या पोरांना शाळेत निदान एवढं तरी सांगावं की हे तुमच्या गावात घडलं.

२०२४ पासून केंद्रानं २५ जून हा संविधान हत्या दिवस म्हणून जाहीर केलाय. नाव भडक आहे, आणि दिवस पाळणाऱ्या सरकारनं स्वतःच्या काळातल्या प्रतिबंधात्मक अटकांकडं पण त्याच दिवशी बघायला हरकत नसावी, कारण मिसा गेला तरी १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहेच, त्यातही खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, आणि तिथंही कलेक्टरला सहीचे अधिकार देता येतात.

आता कामाचं. तुमच्या घरात आजोबा, काका, आत्या कुणी आत गेलं होतं असं नुसतं ऐकून असाल तर पहिल्यांदा कायदा कुठला, मिसा की डीआयआर, ते विचारा, मग कुठल्या तुरुंगात ते, कारण सांगली-साताऱ्याच्या माणसाला पुढं येरवड्याला नाहीतर आणखी कुठं हलवलेलं असू शकतं, आणि नोंद शेवटच्या तुरुंगात मिळायची शक्यता जास्त. तुरुंग अधीक्षकांकडं लेखी अर्ज करताना नाव तेव्हा जसं लिहिलं जायचं तसं लिहा, वडलांचं नाव, गाव, अंदाजे महिना घाला, आणि गावाच्या नावाची दोनतीन प्रकारची स्पेलिंगं कंसात देऊन ठेवा. डीआयआर असेल तर कोर्टाच्या नकला विभागात जा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, तारखेचा शिक्का दिसेल अशी, कारण पैसे कधीपासून धरायचे यावर पुढं वाद झाला तर हातात तेवढाच एक कागद असतो.